मोटार उघडून बघणाऱ्या कुसुममामी

मामी, तुमच्या तेराव्याला जमलेली माणसं बघून मला हसू आलं. रागावू नका. मांडवात निम्मे लोक वायरमन, मेकॅनिक आणि बोअरवाले. भटजी सांगत होते ते ऐकायचं सोडून दोघंजण कोपऱ्यात डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्याचं बोलत होते. न्हावऱ्याहून आलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, "तू बाईंची कोण?" आपली ना भावकी, ना गाव एक. "त्यांच्याकडं शिकायला होते," म्हणाले.

"म्हंजी मोटारी भरतीस व्हय?"

"नाही आजोबा. शेअरबाजारातल्या कंपन्यांचा अभ्यास करते."

पोरगी चुकीच्या मांडवात शिरलीय की काय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. तुम्ही असता तर त्यांना दोन वाक्यांत समजावून सांगितलं असतं. मला अजून पाच लागतात.

तुमची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी सेल्समध्ये होते. विहिरीतलं पाणी उपसायच्या पाणबुडी मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीची सेल्स ऑफिसर. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके माझे. बुडाखाली स्कूटर, पाठीवर सॅक, सॅकमध्ये माहितीपत्रकं आणि मेकॅनिक लोकांना वाटायच्या छत्र्या. शेतकरी मोटार घेताना दुकानदाराचं ऐकत नाही, मेकॅनिकचं ऐकतो. तेव्हा मेकॅनिकला खूश ठेवा, असं आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलेलं. शिरूरला कुणीतरी म्हणालं, स्टँडच्या मागं मामांचं मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं, दुकान आहे, तिथं जा. आले तर बोर्डावर मामांचं नाव, पण मामा जाऊन चार वर्षं झालेली. आत पोत्यावर पाय पसरून, मांडीवर मोटारीचं धूड घेऊन, तुम्ही तांब्याची तार ओवत होतात.

"मेकॅनिक कुठं गेलेत?" मी विचारलं.

"कुटं न्हाई. तुझ्याम्होरंच बसलीय."

मी घाईघाईनं छत्री काढली. तुम्ही ती उघडून बघितली, मिटली, बाजूला ठेवली. "चांगली हाय. ठिवते. पर छत्री दिली म्हनून मी तुझी मोटार चांगली म्हननार न्हाई. तुझ्या कंपनीच्या तीन पडल्यात तिकडं. बघायच्यात का?"

मामी, दोन वर्षं मी मोटारी विकत होते आणि तोवर एकही आतून बघितली नव्हती. आमच्याकडं मोटार म्हणजे रंग लावलेली, खोक्यातली, वॉरंटी कार्ड चिकटवलेली. तुमच्याकडं ती यायची चिखलानं माखलेली आणि पोट जळालेली. त्या दिवशी तुम्ही तिन्ही मोटारी माझ्यासमोर उघडल्यात. पहिलीत ठरावीक कॉइली काळ्या आणि बाकीच्या लख्ख. "हितं एक फेज गेला, तरी मोटार चालू ऱ्हायली. मालकाची चूक." दुसरी सगळीकडून सारखी भाजलेली. "हिला लाइटच कमी मिळाली. कुनाचीच चूक न्हाई, डीपीची हाय." तिसरीत एकाच जागी तार फुटलेली, आसपास सगळं चांगलं. ती तुम्ही बराच वेळ बोटानं चाचपलीत. "ही मातुर तुमची चूक."

आणि मग ती वही. शाळेची दोनशे पानी. कुठलं गाव, कुठली कंपनी, किती दिवस चालली, कशानं जळली. पैसे सोडून सगळं होतं तिच्यात. मी विचारलं, हे कशासाठी लिहिता? तुम्ही म्हणालात, "मान्सं इचारत्यात ना, मामी कुठली घिऊ? ठोकून द्यायचं का मग?"

तिथून पुढं शिरूरला आले की तुमच्याकडं चहा ठरलेला. तुम्ही मला वैशाली कधी म्हटलंच नाही; पहिल्या आठवड्यापासून वैशे. माझ्या हातात तारेचं रीळ द्यायचात, धर म्हणायचात, आणि गप्पा मारता मारता माझं सगळं ज्ञान उलटंपालटं करायचात. एका मार्चअखेरीला मी उड्या मारतच आले होते. टार्गेट पूर्ण! दौंडच्या एका दुकानदाराला गळ घालून, स्कीम देऊन, शेवटच्या दोन दिवसांत छतापर्यंत माल भरला होता. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "त्यातल्या हिरीत किती सुटल्या?"

"ते मला कसं माहीत असणार? दुकानदारानं घेतल्या म्हणजे विकल्या गेल्या."

"कशा इकल्या? नुसतं गोदाम बदाललं."

मला राग आला होता मामी. इतकं पळून, उन्हात स्कूटर हाणून मिळवलेलं टार्गेट तुम्ही तीन शब्दांत मोडीत काढलंत. घरी, शिरूर तालुक्यातल्याच आमच्या तळेगावला, जाईपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. पुढं एप्रिल आला, मे आला, तो दुकानदार फोन उचलेना. जून संपेपर्यंत त्यानं एक मोटार उचलली नाही. आज माझ्या कामात मी सगळ्यात आधी जे शोधते ते हेच: कंपनीनं माल विकला, की नुसतं गोदाम बदललं? यासाठी इंग्रजीत मोठमोठी नावं आहेत. मी मनात तुमचंच वाक्य म्हणते.

तो मुंबईचा साहेब आठवतो का? आमच्या कंपनीच्या शेअरवर अहवाल लिहायचा, म्हणून गावाकडचा बाजार बघायला आला होता. वरून आदेश आला, वैशाली, साहेबांना तुझे तालुके दाखव. दोन दिवस मी त्याला दौंड, केडगाव, शिक्रापूर, पाबळ फिरवलं. प्रत्येक दुकानात तो विचारायचा, मागणी कशी आहे? आणि प्रत्येक दुकानदार माझ्याकडं एकदा बघून म्हणायचा, एक नंबर. साहेब लिहून घ्यायचा. शेवटी मी त्याला तुमच्याकडं आणलं, का आणलं ते मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही त्याला स्टूल दिलंत आणि विचारलंत, "तुमी काय इकता?"

"काही विकत नाही. कंपनी चांगली आहे की नाही, ते अभ्यास करून लोकांना सांगतो."

तुम्ही हातातलं काम थांबवलंत. "म्हंजी माजंच काम की. पर तुमाला मोटार उघडता येती का?"

तो हसला. "नाही हो. आम्ही कागद उघडतो."

"मंग हिला घ्या. हिला उघडता येती."

तो चेष्टेवारी नेऊन निघून गेला. मी मात्र गेले नाही. त्याच्या गाडीची धूळ बसली तरी मी स्टुलावरच होते. तुम्ही म्हणालात, "वैशे, मी मस्करी केली न्हाई. तू इकायला जातीस तवा तुझं तोंड एक बोलतं आन् डोळं दुसरंच बोलत्यात. त्या मान्साचं तसं न्हाई. त्याला निस्तं बघायचंय. तुला बघायला आवडतं."

मी शिरूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. ताळेबंद वाचता येत होता, कळत नव्हता. त्या आठवड्यात पहिल्यांदा आमच्याच कंपनीचा वार्षिक अहवाल नेटवरून उतरवून वाचायला घेतला. कळेना. तरी सोडला नाही.

आता एक सांगायचं आहे, जे तुम्ही असताना सांगितलं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात एका वस्तीच्या नळपाणी योजनेची मोटार तुमच्याकडं आली. आमच्या कंपनीची, लावून दीड महिना झालेली. चाळीस घरांचं पाणी बंद. तुम्ही बाकी सगळी कामं बाजूला सारलीत आणि सकाळी बसलात ते संध्याकाळी मोटार गाडीत चढेपर्यंत उठला नाहीत. मी तार धरून होते. मध्येच तुम्ही विचारलंत, "ही कुठल्या लॉटची गं? तारंवरचं प्लास्टिक लईच हलकं लागतंय हाताला." आणि मी म्हणाले, "माहीत नाही मामी."

मला माहीत होतं. त्या लॉटच्या तक्रारी असल्याचं पत्र आम्हाला तीन महिन्यांपूर्वीच आलं होतं. दुकानदारांना सांगू नका, आहे तो माल आधी संपवा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. ती मोटार त्या पत्रानंतर मीच दुकानात ठेवली होती. तुम्ही माझ्याकडं क्षणभर बघितलंत आणि परत कामाला लागलात. तुम्हाला कळलं होतं का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतेय. माझा अंदाज, कळलं होतं. तुमच्या हाताला लागायचं सगळं.

त्यानंतर पंधरा दिवसांत मी राजीनामा दिला. तुम्हाला सांगितलं, अभ्यासाला वेळ हवा म्हणून सोडतेय. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. बाकीचं अर्धं हे.

वडील म्हणाले, "येत्या वर्षी कंपनीची गाडी मिळणार होती, ती सोडून आता परीक्षा देत बसणार?" दसऱ्याच्या सुमाराला आमची शेवंती तोडणीला आली, तेव्हापासून मी सकाळी फुलं तोडायची आणि दुपारी तुमच्या दुकानातल्या बाकावर ताळेबंद घेऊन बसायची. तुम्ही एकदा पानावर बोट ठेवून विचारलंत, हे काय? म्हणाले, कंपनीनं वॉरंटीसाठी बाजूला काढून ठेवलेली रक्कम. तुम्ही म्हणालात, "म्हंजी किती जळतील ह्याचा त्येंचा त्येंनीच क्येलेला अंदाज. खरा हाय का बघ." मामी, पुण्यातल्या शिकवणीत हे पान सरांनी चार मिनिटांत उलटलं होतं.

शेअरवर अहवाल लिहायला लागते ती रिसर्चची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली. मुलाखती मात्र एकामागून एक गेल्या. "सेल्स बॅकग्राउंड आहे तुमचं," म्हणायचे, जणू काही आजारपण आहे. सहाव्या ठिकाणी, पुण्यातल्या एका छोट्या फर्ममध्ये, मॅडमनी मला कंपनीचं मूल्य काढायचं गणित घातलं. ते माझं धड जमलं नाही. मग त्यांनी विचारलं, मग तुम्हाला येतं काय? मी सांगितलं, दुकानात गेलेला माल आणि विहिरीत सुटलेला माल यांतला फरक मला तालुकावार शोधून काढता येतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. गणित शिकवता येईल, म्हणाल्या, सोमवारपासून या. पगार सेल्सपेक्षा कमी होता. तुम्हाला फोन केला तर तुम्ही एवढंच म्हणालात, "आता छत्र्या वाटू नगं कुनाला."

आता आपल्या भांडणाकडं येते.

तीन वर्षांनी माझ्याकडं मोटारी आणि पाइपवाल्या कंपन्या अभ्यासाला आल्या. त्यातली एक, माझी जुनी नव्हे, दुसरीच, सगळ्यांची लाडकी होती. दर तिमाहीला विक्री वाढलेली. बाजारातले सगळे सांगत होते, शेअर घ्या. कागदावर मलाही ती आवडली होती. शिरूरला आले तर तुमच्या दारात त्यांच्या नव्या मॉडेलच्या मोटारींची रांग. तुम्ही तार कापून माझ्या हातावर ठेवलीत. "बारीक क्येलीय. माप घे." मी घेतलं. वही बघितली. मागच्या मॉडेलची मोटार तीन-तीन वर्षं चाललेली, हे नवं चार महिने, सहा महिने. मी तिथूनच निघून शिक्रापूर, पाबळ, तळेगाव, केडगाव, दौंड, मिळेल त्या मोटार भरणाऱ्याकडं गेले. सगळीकडं तेच. आणि कंपनीच्या कागदात वॉरंटीची रक्कम मागच्या वर्षाइतकीच.

मी अहवाल लिहिला: शेअर विकून टाका. मॅडमनी एकदाच विचारलं, खात्री आहे? मी म्हणाले, आहे. कंपनीच्या लोकांनी फोनवर माझा उद्धार केला. एवढ्याशा गॅरेजांवरून आमचं मोजमाप करता का, म्हणाले. पण अहवाल वाचून मोठे गुंतवणूकदार त्यांना जाब विचारू लागले, शेअर घसरू लागला, आणि पाच महिन्यांनी त्यांनी स्वतःच जाहीर केलं, ते मॉडेल बदलून द्यावं लागतंय. शेअर कोसळला. माझं नाव झालं. मी पेढे घेऊन तुमच्याकडं आले.

तुम्ही पेढ्याला हात लावला नाहीत.

"ह्ये तू कवा लिवलं व्हतंस?"

"पाच महिने झाले, मामी."

"ह्या पाच महिन्यांत किती जनांनी ती मोटार घेतली? त्येंना कोन सांगनार व्हतं?"

"मामी, माझा अहवाल ज्यांच्यासाठी असतो, त्यांना मी दिला. माझं काम तेवढंच आहे. मी काय गावोगाव दवंडी पिटू?"

"मी पिटतच व्हते की. पर माजा आवाज शिरूरच्या भाईर जात न्हाई. तुझा जातो. जाऊनशान कुठं ग्येला? ज्येंच्याकडं शेअर व्हते, ती मान्सं वाचली. ज्येंच्याकडं हीर व्हती, त्येंचं काय?"

मी म्हणाले, हा भाबडेपणा आहे. तुम्ही म्हणालात, मग सेल्स बरा होता, त्यात निदान हिरीपर्यंत तरी जात होतीस. मी पेढ्यांचा बॉक्स तिथंच ठेवून निघाले. दोन महिने आपण बोललो नाही. मग एक दिवस तुमचाच फोन, पाऊणेक मिनिटाचा. "बॉक्स रिकामा झालाय, पेढे संपलेत. येऊन जा." मी आले. आपण हवापाणी बोललो, तुमच्या सुनेच्या, रेखाच्या, हाताला कसं वळण लागलंय ते बोललो. तिला तुम्ही वर्षभरात मोटार भरायला तयार केलं होतं, त्याचा अभिमान तुमच्या बोलण्यात मावत नव्हता. भांडणाचा विषय दोघींनीही काढला नाही. पुढं काढू, असं मी धरून चालले. तुमचं हृदय आधीच थकलं होतं, हे तुम्ही आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतंत. तिथं मात्र तुम्ही लबाडी केलीत.

तुमच्या त्या बोलण्यावर मी काहीच केलं नाही असं नाही. मॅडमना विचारलं, नियम तपासून घेतले. अहवाल आमच्या लोकांकडं पोचून जाहीर झाला, की त्यातलं मोटारीबद्दलचं तेवढं मराठीत एका पानावर लिहून मी या भागातल्या मोटार भरणाऱ्यांना पाठवते. शेअरचा त्यात शब्द नसतो. दोनदा पाठवलं. दुसरं पानही रेखाकडं तुमच्या हयातीतच आलं होतं. तुम्ही ते वाचलंत की नाही, ते मी रेखाला अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही बहुतेक.

पण माझी बाजू राहिलीय मामी, ती आता ऐका.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रेखानं दुकान उघडलं. मी मुक्कामी होते, म्हणून तिच्याबरोबर गेले. दहाच्या सुमाराला रांजणगावकडचे एक गृहस्थ जीपमधून मोटार घेऊन आले. तीच कंपनी, बदलून आणलेलं मॉडेल, एक फेज जाऊन जळालेली. रेखानं ती उघडली, तार कापली, माप घेतलं आणि पुन्हा घेतलं. "ताई, ह्यांनी तार जाड केलीय. प्लास्टिकबी चांगलंय."

मी स्वतः माप घेतलं. तिचं बरोबर होतं.

तुम्ही, पाबळवाले, केडगाववाले, सगळे मिळून दुकानादुकानांत वर्षभर सांगत राहिला असतात, तरी त्या कंपनीनं तार जाड केली नसती. शेअर पडायला लागला तेव्हा केली. वरच्या माणसांना जिथं लागतं, तिथं लागलं म्हणून केली. या तालुक्यात आता जी नवी मोटार सुटेल, ती जाड तारेची सुटेल. ज्यानं माझं नाव ऐकलं नाही आणि ज्याच्याकडं एक शेअर नाही, त्याच्या विहिरीतही. त्या पाच महिन्यांचं तुमचं म्हणणं खरं आहे. ते मी मान्य करते, ते मला अजून टोचतं. पण माझं काम विहिरीपर्यंत जात नाही, हे तुमचं म्हणणं चुकलं. एकदा तरी तुम्हाला चूक ठरवायचं होतं मला, आणि ते तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही "बरं बरं" म्हणून तार ओढायला लावली असतीत. तेवढंही पुरलं असतं.

ते गृहस्थ बाकावर बसून इकडंतिकडं बघत होते. जरा वेळानं म्हणाले, "मामी न्हाईत का? मेव्हन्यासाठी नवी मोटार घ्यायचीय. कुठली घ्यावी, तेवढं इचारायचं व्हतं."

मी रेखाकडं बघितलं. तिनं कापलेली तार खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"मामी गेल्या. कालच तेरावं झालं," ती म्हणाली.

गृहस्थ गडबडून उभेच राहिले. टोपी काढली. हळूच म्हणाले, "मग आता इचारायचं कुनाला?"

"मला इचारा," रेखा म्हणाली. "हीर किती हात खोल हाय?"